मदत हवी आहे: 'निमोना'चं पुस्तक सातवीतल्या पोरीले झेपन का?

राजेहो, एक सल्ला पायजे. भाची दिवाळीत दर्यापूरले आमच्याकडं आली होती, माझ्या मोबाईलवर 'निमोना' हा रूप बदलनाऱ्या पोरीचा कार्टून पिच्चर पाहिला आन तवापासून डोक्शात तेच, कापूस वेचाले गेलो तरी मांगं मांगं "मामा, आता मी गेंडा झाली, आता शार्क झाली". खोटं काहून बोलू, मलेबी आवडला.

आता तिले पुस्तक पायजे. मूळ एनडी स्टीव्हन्सनचं कॉमिक, २०१२ पासून वेबवर यायचं, २०१५ ले पुस्तक झालं आन पिच्चर २०२३ ले. मधात तर डिस्नेनं पिच्चर बनवनारा स्टुडिओच बंद केला होता, तरी दुसऱ्यायनं उचलून पुरा केला बाप्पा.

पन पुस्तकात भानगड येगळी हाय. निमोनाच्या जोडीदार सरदाराचं नाव पिच्चरसारखं बोल्डहार्ट नाई, ब्लॅकहार्ट, त्याचा हातबी तलवारीनं नाई तर दोस्ताच्या भाल्यातून स्फोट होऊन जाते, आन निमोना माणसं मारते तवा हा तिले आवरते. शेवटबी पिच्चरएवढा गोड नाई. पोट्टी रडत बसन का, हे भेव हाय.

कोनी पोरायले वाचाले देलं का? ती झेडपीच्या शाळेत हाय, इंग्रजी अडखळत वाचते. मी विचार केला का फुग्यातल्या वाक्यायवर मराठीच्या चिठ्ठ्या चिकटवाव, पन पानं अडीचशेच्या वर हायेत आन सध्या हरभऱ्याचं काम. अमरावती-अकोल्यात जुनी कॉपी कुठी भेटन तेबी सांगजा भाऊ.