स्पंज धुणं ठीक, पण वीज गेल्यावर?
माशांच्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, असं सांगतात ते अगदी बरोबर. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजातले उपयोगी जिवाणू (माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया संपवणारे) मरतात. त्यात एक भर घालते. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, बंद डब्यातला) असेल तर वीज किती वेळ गेली होती हे बघाच. वीज नसताना बंद डब्यात पाणी फिरत नाही, आतला प्राणवायू तेच जिवाणू संपवतात आणि मग मरायला लागतात.

आमच्याकडे पावसाळ्यात एकदा रात्रभर वीज नव्हती. सकाळी फिल्टरचं झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास आणि काळपट पाणी. ते ओतून दिलं, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घेतला, मगच फिल्टर लावला. तसाच चालू केला असता तर ती सगळी घाण माशांत गेली असती. अशा वेळी पुढचा आठवडा खाणं निम्मं ठेवा आणि अमोनिया तपासत राहा.