विनाशस्त्र, जमाव, जमावबंदी

धंतोलीकर : राज्यसेवेचा अभ्यास सुरू आहे. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १९(१)(ख) मध्ये 'शांततेने व विनाशस्त्र' एकत्र जमण्याचा हक्क दिलाय. अभ्यासिकेत एकाने त्याचा अर्थ 'विनाश करणारं अस्त्र' असा लावला आणि शांततेने विनाश कसा करतात यावर चहा थंड होईस्तोवर वाद झाला. नेमका अर्थ काय?

सदरवाले काका : विना + शस्त्र. विनाशाचं अस्त्र असतं तर संधी होऊन 'विनाशास्त्र' झालं असतं, 'शा'ला काना. 'निःशस्त्र' लिहिलं असतं तर तुमचा चहा गरम राहिला असता, हे मात्र मान्य.

महालचा : हे समजलं काका. पण जमणं हा हक्क, अन् 'जमाव' म्हटलं की दगडफेक, असं काहून? पेपरात जमाव एक तर हिंसक होते, नाही तर पांगवला जाते. जमावानं भजन म्हटलं असं मी तरी वाचलं नाही.

सदरवाले काका : पेपरातलं खरं आहे, पण कायद्यात शब्दाला तो वास नाही. तिथे जमाव म्हणजे जमलेली माणसं, बस्स. 'बेकायदेशीर' हे विशेषण चिकटलं की गुन्हा होतो. त्याला किमान पाच माणसं लागतात आणि कायद्याने सांगितलेल्यांपैकी एखादा समान उद्देशही लागतो, उदाहरणार्थ बळाने कुणाची मालमत्ता बळकावणे. पूर्वी भादंवि (भारतीय दंड विधान) कलम १४१, आता भारतीय न्याय संहिता कलम १८९. पानठेल्यावर खर्रा घोटायला उभे असलेले सहाजण जमाव असतील, बेकायदेशीर जमाव नव्हेत.

धंतोलीकर : जमावबंदी लागली तर?

सदरवाले काका : मग ठेल्यावरचेही अडचणीत. पण जमावबंदी आणि संचारबंदी यांची गल्लत नको. जमावबंदीत एकट्याने सामान आणायला जाता येतं, घोळका करता येत नाही. संचारबंदीत घराबाहेरच पडायचं नाही. मार्च २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या काही भागांत लागली ती संचारबंदी. पाया दोन्हींचा एकच, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. म्हणून '१४४ लागू' एवढ्यावरून काहीच कळत नाही, आदेश वाचावा लागतो. शिवाय आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(३) आहे, त्याखालची सभा-मिरवणुकीवरची बंदी शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही.

सीताबर्डी : १४४ शी नागपूरची ओळख जुनी आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्समध्ये झेंड्याची मिरवणूक न्यायला मनाई झाली, ती याच कलमाखाली.

माझा आक्षेप 'बंदी' या शब्दालाच आहे. संविधान 'वाजवी निर्बंध' म्हणतं, आणि १९(३) मध्ये त्याची कारणं मोजकीच आहेत : सार्वजनिक सुव्यवस्था, आणि १९६३ च्या दुरुस्तीने आलेली देशाची सार्वभौमता व एकात्मता. निर्बंध म्हणजे या रस्त्याने नको, त्या मैदानात बसा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलं की रास्त मतप्रदर्शन दडपायला १४४ वापरता येणार नाही आणि तेच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. हे बंदीच्या भाषेत बसत नाही.

महालचा : विधिमंडळाच्या अधिवेशनात आपण तर 'मोर्चा अडवला' म्हणतो, जमाव नाही.

सीताबर्डी : कारण मोर्च्याला मागणी असते. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनाजवळ चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले. शहर आजही 'गोवारी मोर्चा'च म्हणतं. त्यांना कुणी 'जमाव' म्हटलं तर इथे खपणार नाही.

धंतोलीकर : शेवटचं एक. 'धरणे दिले' बरोबर की 'धरणे धरले'?

सदरवाले काका : धरणे धरले. 'दिले' हे हिंदीतल्या 'धरना दिया'चं, आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. परीक्षेत 'धरले' लिहा.