बाभळीच्या काट्यात खोवलेला सरडा, हे काम कुणाचं?

टेकडीवरची आई:
काल सकाळी लेकीला घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेले होते, खाणीच्या बाजूला एका बाभळीवर छोटा सरडा काट्यात खोवलेला दिसला, काटा मानेतून आरपार, शेजारी अर्धा खाल्लेला नाकतोडा. वाटलं पोरांचा उद्योग असेल, लेक तर रडायलाच लागली. तेवढ्यात बुलबुलाएवढा एक पक्षी शेंड्यावर येऊन बसला, डोळ्यांवरून जाड काळी पट्टी, चोचीचं टोक वाकडं. हा मारतो का? शिकरा, तो छोटा शिकारी पक्षी, तर नक्की नव्हता.

माळरान:
खाटीक आहे ताई! नावच त्यावरून पडलंय. गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातलाच, पण शिकारी. चोच शिकऱ्यासारखी असली तरी पाय मैना-बुलबुलासारखेच, शिकार घट्ट धरून फाडायची ताकद नाही त्यांच्यात, म्हणून काट्यात अडकवायची आणि मग लचके तोडायचे. काटा म्हणजे त्याचा आकडाच, खाटकाच्या दुकानात असतो तसा. लगेच खायचं नसेल तर साठाही तिथेच, तारेच्या कुंपणावरसुद्धा लावून ठेवतो. अमेरिकेतला एक खाटीक तर विषारी नाकतोडे एकदोन दिवस तसेच ठेवतो, विष उतरलं की खातो. पाठ कशी होती?

सासवडकर:
हो पाठीवरूनच कळेल. अख्खी पाठ चॉकलेटी आणि पंखात पांढरा ठिपका असेल तर छोटा खाटीक. डोकं-पाठ राखाडी आणि फक्त शेपटीच्या वर तांबूस, शेपूट लांब, तर नकल्या खाटीक. तांबूस काहीच नाही, नुसता राखाडी-काळा-पांढरा असेल तर मोठा खाटीक, तो आमच्याकडे सासवडच्या माळावर दिसतो.

टेकडीवरची आई:
शेपटीच्या वर तांबूस, शेपूट लांब! आणि टिटवीसारखं ओरडला, आम्ही टिटवी शोधत बसलो.

माळरान:
मग नकल्याच, टिटवी काय, खारीची आणि कुत्र्याच्या पिल्लाचीही नक्कल करतो तो. सरडा काढू नका हं, त्याचं जेवण आहे ते. आणि साफसफाई म्हणून टेकडीवरची बोरी-बाभळी तोडायला कुणी आलं तर प्लीज बोला, काटेच नसतील तर हा जेवण टांगणार कुठे? मला याचं फार वाईट वाटतं.

टेकडीवरची आई:
आज परत गेलो. सरड्याची नुसती शेपटी उरलीय काट्यावर. लेक रडली नाही, अर्धा तास तिथेच उभी राहून वाट बघत होती त्याची.