"अगं, एवढंसं खाल्लं तर काय होतंय?" लो-कार्बवाल्यांनो, तुम्ही काय उत्तर देता?

निवांत_संध्या:
काल एका वाढदिवसाला गेले होते. केकच्या बशा फिरायला लागल्या आणि घरातली कॉलेजात जाणारी मुलगी "मला नको" म्हणाली. झालं! दोन मावश्या, एक काका आणि कोण कुठल्या शेजारीणबाई, सगळे एकदम तुटून पडले. "आत्तापासून डाएट?" "चेहरा बघ कसा उतरलाय." "एका तुकड्याने काय आभाळ कोसळतंय?" शेवटी पोरीने बशी घेतली आणि सगळे उठेपर्यंत काट्याने क्रीम एका कडेला, केक दुसऱ्या कडेला करत बसली. खाल्ला नाहीच.

मला माझे दिवस आठवले. मधुमेह निघाल्यावर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी साधं गणित बसवून दिलं होतं, दिवसाला शंभरेक ग्रॅम कार्ब्स (कर्बोदकं, म्हणजे साखर आणि पिष्ट). साखर बंद, ब्रेड-बटाटा जवळजवळ बंद, भात चवीपुरता. बाकी पालेभाज्या, अंडी, मासे, दही पोटभर. टोकाचं काही नाही. पुढच्या एचबीएवनसीला (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) आकडा छान खाली आला, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. पण थोरल्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझं ताट बघितलं की आमच्याच घशात घास अडकतो बाई." मी नुसती हसले. चोख उत्तरं कायम घरी आल्यावर, भांडी घासताना सुचतात.

तर लिहा. कोण काय बोललं, तुम्ही काय केलंत. लो-कार्ब चांगलं की वाईट हा काथ्याकूट इथे नको प्लीज. (होणार आहेच, माहितीये.)

आळशी_बोका:
रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

अर्धविराम:
माझं ठरलेलं उत्तर, "पोट भरलंय." विषय संपला. "मी लो-कार्ब करतो" म्हटलं की त्याला शंभर फाटे फुटतात. का, कधीपासून, कोणी सांगितलं, किडनीचं काय, आमच्या साडूंनी केलं होतं त्यांचं काय झालं माहितीये का... "पोट भरलंय" याला फाटाच नाही. फार तर आग्रह होतो, आणि आग्रह करून करून माणूस दमतो. आपण दमायचं नाही.

खिडकीपाशी:
ऑफिसात पिझ्झा मागवला होता. मी वरचं चीज आणि भाज्या खाल्ल्या, खालचा ब्रेड ठेवला. एका महाभागाने माझ्या डब्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, "आमच्या टीमचा उंदीर". सगळे हसले, मीपण हसलो. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर कोणीतरी रोज चीजचा तुकडा ठेवतं. अजून कोण ते कळलेलं नाही आणि मला कळायलाही नकोय, चालू दे.

कडीकोयंडा:
^^^ हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्याकडे असा उंदीरमित्र कुठे मिळेल?

बिनसाखरेची:
आमच्या सासूबाईंचं पेटंट वाक्य, "मेंदूला साखर लागते. तू साखर सोडलीस म्हणून विसरायला लागलीस." गॅसवर दूध ठेवून विसरले की साखर नाही म्हणून. किल्ल्या हरवल्या, साखर नाही म्हणून. अहो, मी लग्नाआधीपासून किल्ल्या हरवतेय!! पण मेंदूचं खरं काय ते कोणी सांगेल का? कारण हे वाक्य मला सगळीकडे ऐकू येतं.

स्टेथो:
सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. पण ते सगळं तोंडावाटेच गेलं पाहिजे असं नाही. यकृत प्रथिनांतून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलमधून ग्लुकोज तयार करतं, आणि कार्ब्स फारच कमी असतील तर मेंदू आपली बरीचशी गरज कीटोनवर (यकृत चरबीतून बनवतं ते इंधन) भागवतो. शंभर ग्रॅम कार्ब्स खाणाऱ्याचा मेंदू उपाशी बिपाशी नसतो. किल्ल्यांसाठी दाराशी खुंटी ठोका.

बिनसाखरेची:
धन्यवाद डॉक्टर. हे वाचून दाखवलं. म्हणाल्या, "कोण हा? समोर आण."

चाफेकळी:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, मारा मला. नवऱ्याने लो-कार्ब सुरू केलं. वजन त्याचं कमी झालं, वाहवा त्याची झाली, आणि रोज दोन स्वयंपाक माझ्या गळ्यात पडले. मुलांचं वेगळं, त्याचं वेगळं. वर मी काही बोलले की "तुझा मला पाठिंबा नाही". नातेवाईक त्याला टोमणे मारतात तेव्हा मला आतून गुदगुल्या होतात, खोटं कशाला बोलू. तुम्ही सगळे ज्याला टीका म्हणताय त्यातली निम्मी त्या माणसाच्या ओट्याजवळ उभं राहून ऐका एकदा.

निवांत_संध्या:
चाफेकळी, मारतंय कोण? बरं झालं लिहिलंस. माझं मी करते म्हणून हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कडीकोयंडा:
त्याला अंडी उकडता येत नाहीत का?

चाफेकळी:
येतात. सोलता येत नाहीत म्हणे. निम्मं पांढरं सालाबरोबर कचऱ्यात जातं.

अर्धविराम:
अवांतर: अंडी ताजी असली की साल चिकटतंच. आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेली अंडी उकडा, भरभर सुटतात. आणि उकळत्या पाण्यात सोडा, गार पाण्यापासून सुरुवात नको. ही सबब गेली आता साहेबांची.

चाफेकळी:
हे प्रिंट काढून ओट्यावर चिकटवते 😄

जुनेपुराणे:
"हे सगळं आजकालचं फॅड" असं ऐकवणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगतो. लंडनमध्ये विल्यम बॅंटिंग नावाचे गृहस्थ होते, शवपेट्या आणि अंत्यविधीची व्यवस्था हा धंदा. इतके लठ्ठ की वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर उलटं, पाठमोरं उतरावं लागे. विल्यम हार्वी या डॉक्टरांनी त्यांना ब्रेड, साखर, बटाटे, बिअर सोडायला लावलं. वजन उतरलं, आणि १८६३ मध्ये बॅंटिंगनी पदरमोड करून त्यावर पुस्तिका छापली. वैद्यक मंडळींनी टर उडवली, की हा डॉक्टर नाही, हा काय शिकवणार. गृहस्थ १८७८ पर्यंत, ८१ व्या वर्षापर्यंत जगले. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण फॅड म्हणायचं तर दीडशे वर्षांहून जुनं फॅड म्हणा, एवढंच माझं म्हणणं.

आळशी_बोका:
शवपेट्यांचा धंदा आणि लोकांना बारीक करायला निघाला. स्वतःच्याच पोटावर पाय!

खिडकीपाशी:
पेट्या लहान लागतात, लाकूड वाचतं. धंदेवाईक माणूस होता तो.

कडीकोयंडा:
😂😂 दंडवत

ओंजळ:
लिहू की नको करत होते. आमच्याकडे हे हौस म्हणून नाही. मुलाला फिट्स येतात, औषधांनी थांबेनात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी कीटोजेनिक आहार सुरू केला. ४ ला १ प्रमाण. म्हणजे प्रथिनं आणि कार्ब्स मिळून १ ग्रॅम तर फॅट ४ ग्रॅम. मलई, लोणी, तेल सगळं काट्यावर मोजून. वाटीला चिकटलेलं तेलसुद्धा हिशोबात असतं, ते बोटाने निपटून भरवायचं. सर्दीचं गोड सिरप चालत नाही, त्याच्याऐवजी गोळी मागून घ्यावी लागते. आणि लोक? "पोराला नुसतं लोणी चारतेस, काळीज आहे का तुला?" शेजारच्या आजी त्याच्या खिशात बिस्कीट सरकवायच्या. मी खिसे तपासायला लागले तेव्हा पोरगा म्हणाला, आई मी खाल्लं नाही, मी कुत्र्याला दिलं.

माझ्या सासऱ्यांचा तर कडाडून विरोध. वाद घालून काही होईना. त्यांना पुढच्या अपॉइंटमेंटला बरोबर नेलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हा आहार फिट्ससाठी १९२१ पासून माहीत आहे, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी सुचवला होता, आणि ही उपचारपद्धती आहे, आईची लहर नाही. सासरे गाडीत एक शब्द बोलले नाहीत. आता सकाळचं लोणी तेच मोजतात. चष्मा लावून, काट्यावर वाकून, जरा जास्त झालं तर चमच्याच्या टोकाने कणभर काढतात आणि पुन्हा आकडा बघतात. मी मोजलेलं त्यांना पटत नाही.

फिट्स कमी झाल्यात. पूर्ण थांबलेल्या नाहीत.

निवांत_संध्या:
ओंजळ, काय लिहू. आजोबांना नमस्कार सांग.

बिनसाखरेची:
डोळ्यात पाणी आलं गं. लेकाला खूप आशीर्वाद. आणि त्या कुत्र्यालाही.

तळटीप:
वातावरण बदलतोय, माफ करा. टीका सहन करणाऱ्यांबद्दल बरंच झालं, लो-कार्बवाले स्वतः काय कमी आहेत का? आमचे एक मेहुणे. महिन्यात बारीक झाले आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या ताटाकडे बघून "विष खाताय" म्हणतात. भात घेतला की मान हलवतात. असल्यांमुळे बाकीच्यांना बोलणी बसतात.

२०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक गट लो-फॅट, दुसरा लो-कार्ब. सरासरी घट लो-फॅटची ५.३ किलो, लो-कार्बची ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना साखर-मैदा टाळून भाज्या भरपूर खायला सांगितल्या होत्या. दोन्हीकडे काहींचं वजन धडाधड उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. मेहुण्यांना हे पाठवलं. त्यांनी मला ब्लॉक केलं. घरात शांतता आहे.

जुनेपुराणे:
वजनापुरतं मान्य. मधुमेहाचं जरा वेगळं आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालात रक्तातली साखर आटोक्यात आणायला एकूण कार्ब्स कमी करण्यामागे सर्वांत जास्त पुरावा असल्याचं म्हटलंय.

निवांत_संध्या:
सुरू झाला काथ्याकूट 🙏

स्टेथो:
काथ्याकूट नाही, पण एक टीका कानाआड करू नका म्हणून लिहितो. "डॉक्टरांना विचारलंस का?" हा प्रश्न कोणी खवचटपणे विचारला तरी प्रश्न बरोबर आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना एकदम कार्ब्स कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस आधी कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असाल तर आणखी जपा. त्यात साखरेचा आकडा फार वाढलेला नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात कीटोन साचून आम्ल धोकादायक वाढणं) होऊ शकतो. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर ग्लुकोमीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून घरी बसायचं नाही. काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं, तेही तपासत राहा. बाकी केकवरून टोमणे मारणाऱ्या काकांना माझ्याकडून काही औषध नाही.

पाऊलवाट:
माझ्या जिममधला एकजण रोज म्हणायचा, "ते वजन नाही, नुसतं पाणी गेलंय." सुरुवातीच्या दिवसांपुरतं त्याचं खरं होतं. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) संपतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी बाहेर पडतं. पुढे पँटा ढगळ झाल्या तरी हा पाण्यावरच अडलेला. मी त्याच्यासमोर ढकाढक बाटलीभर पाणी प्यायलो आणि म्हटलं, घे, परत आलं. तेव्हापासून बोलत नाही. खरं तर मला तो आवडायचा, मशीनवर वजनं लावायला मदत करायचा. आता कोणाला सांगू?

कडीकोयंडा:
पाऊलवाट, त्याला चीजचा तुकडा ठेव टेबलावर.

मोगरा_२:
आत्ताच सगळं वाचलं. मला कोणी बोलत नाही, उलट कौतुकच जास्त करतात आणि तेच नको वाटतं. "किती बारीक झालीस!" म्हणजे आधी काय होते? आजारपणामुळे झालेय, लो-कार्ब नंतर आलं. प्रत्येकीला कुठे आजार सांगत बसू. "हो ना" म्हणते आणि विषय बदलते. मुलांच्या शाळेचा विषय काढला की कोणीही वाहवत जातं, करून बघा.

अर्धविराम:
हे "पोट भरलंय" पेक्षा भारी आहे. ढापलं.

आळशी_बोका:
आलो. रुमाल उचलतो. सविस्तर लिहिणार होतो पण सगळं लिहून झालंय. बायको रोज रात्री विचारते, "आज भात घेतोस का थोडा?" तिला माहितीये मी नाही म्हणणार. मला माहितीये ती विचारणार. ती विचारायची थांबली तर मला चिंता वाटेल.

चाफेकळी:
तुमचा स्वयंपाक कोण करतं ते लिहा आधी.

आळशी_बोका:
मी करतो! फ्लॉवर किसून त्याचा भातासारखा प्रकार करतो. पण दर वेळी लगदा होतो. कोणाला जमतो?

बिनसाखरेची:
झाकण ठेवत असाल. झाकण नको, कढई पसरट घ्या, आच मोठी, आणि मीठ अगदी शेवटी घाला. आधी घातलं की पाणी सुटतं.

खिडकीपाशी:
आणि किसल्यावर पंचात गच्च पिळा. लई पाणी निघतं.

आळशी_बोका:
पंचा कुठला? चहाचं फडकं चालेल का?

चाफेकळी:
धुतलेलं असेल तर.