मदत हवी आहे: कोथरूडचा फ्लॅट विकून कायमचं लेकीकडे जावं का?

नमस्कार. लिहू की नको करत दोन महिने गेले. दिवाळीनंतर सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या करारावर सह्या आहेत आणि त्याआधी आम्हाला हो किंवा नाही सांगायचं आहे, म्हणून विचारते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही दोघंच असतो, डहाणूकर कॉलनीत. मी ६२ वर्षांची, शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त. हे ६७ चे. ह्यांची नोकरी खाजगी कंपनीतली, त्यामुळे त्यांचं पेन्शन नावापुरतं. घर माझ्या पेन्शनवर आणि ठेवींच्या व्याजावर चालतं, आणि नीट चालतं. २०२२ मध्ये ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. मुलगी एकुलती एक, अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसला. जावई तिकडेच जन्मलेले, मराठी घरातले. लेकीला मागच्या वर्षी नागरिकत्व मिळालं आणि तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे: दोघांच्या ग्रीन कार्डचे अर्ज मी भरते, तुम्ही तिथलं आवरा आणि कायमचे या. नातू चार वर्षांचा आहे.

एवढंच असतं तर "बघू" म्हणत आम्ही आणखी पाच वर्षं काढली असती. पण आमची इमारत १९८८ ची, तीन मजली, बिनलिफ्टची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. रिडेव्हलपमेंट ठरलं, बिल्डर नक्की झाला. म्हणजे निदान तीन वर्षं भाड्याच्या घरात. त्यातच शेजारच्या जिन्यातल्या एका कुटुंबाला मुलासाठी इथेच दुसरा फ्लॅट हवा आहे. ते आम्हाला एक कोटी दहा लाख द्यायला तयार आहेत, फक्त व्यवहार करारावर सह्या व्हायच्या आत हवा. लेक म्हणते, देवानेच दार उघडलंय. आम्ही हा फ्लॅट सव्वादोन लाखांना घेतला होता आणि त्या सव्वादोन लाखांसाठी माझ्या चार बांगड्या मोडल्या होत्या.

आता खरं सांगते. मला जायचं आहे. नातवाला मी दोनदाच प्रत्यक्ष पाहिलंय. फोनवर तो मला गोष्ट सांगायला लागतो आणि मध्येच खेळायला पळून जातो, मग मी रिकाम्या खोलीकडे बघत बसते. ह्यांना विचारलं की म्हणतात, "तू म्हणशील तसं." छत्तीस वर्षांत हे वाक्य मी दोनदा ऐकलंय, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ "नको" असा होता.

मागच्या वेळी आम्ही सहा महिने राहून आलो. पहिले दोन महिने छान गेले. मी आणि नातू वाचनालयात जायचो, तिथे लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. मला इंग्रजी बोलायची भीती वाटत नाही. पण हे इथे पावणेसहाला म्हातोबा टेकडीवर असतात. वर सात-आठ जणांचा कट्टा आहे, उतरताना चहा, येताना भाजी. तिथे घराबाहेरच्या रस्त्याला फूटपाथच नव्हता. दुकान पाच किलोमीटरवर आणि ह्यांना गाडी चालवायची नव्हती. चौथ्या महिन्यात हे दुपारी झोपायला लागले, जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. लेकीने ते पाहिलं नाही, ती ऑफिसात असायची. मी पाहिलं.

आणि वन्सं. माझ्या नणंदबाई ७८ वर्षांच्या आहेत, सदाशिव पेठेत एकट्या राहतात, मूलबाळ नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा सासरची मंडळी नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात राहायची. हे तीन वर्षांचे, वन्सं चौदा वर्षांच्या. यांना कडेवर घेऊन त्या पर्वतीकडे चालत गेल्या. परत आले तेव्हा वाड्याच्या जागी चिखल होता. त्या चिखलातून सापडलेलं एक पितळी पातेलं अजून त्यांच्याकडे आहे. रोज संध्याकाळी हे ॲक्टिव्हावर त्यांच्याकडे जातात, औषधांचा डबा भरतात आणि तासभर बसून येतात. वन्सं मला म्हणाल्या, "माझ्यासाठी अडकून पडू नका गं." त्या असं म्हणाल्यापासून मला झोप लागत नाही.

तर माझे प्रश्न असे. विकायचंच असेल तर जाण्याआधी की नंतर? ग्रीन कार्ड घेऊन वर्षाचे सहा महिने पुण्यात राहता येतं का? स्टेंट असलेल्या माणसाच्या औषधपाण्याची तिथे काय सोय होते? आणि असं कुणी आहे का, ज्यांनी सगळं विकून गेल्यावर मागे वळून पाहिलं आणि बरं वाटलं? मला दोन्ही बाजूंचं ऐकायचं आहे.

प्रतिसाद

ताई, मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करतो, त्यामुळे पैशांपुरतं सांगतो.

घर २००१ च्या आधीचं आहे, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत धरता येते. मूल्यांकनकाराकडून दाखला घ्या. समजा ती सात लाख निघाली. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर साडेबारा टक्के, महागाईची वजावट नाही. म्हणजे एक कोटी तीन लाखांवर साधारण १२ लाख ८८ हजार, सेस-सरचार्ज वेगळा. निवासी भारतीयाला जुन्या घरासाठी वीस टक्के आणि महागाईच्या निर्देशांकाने वाढवलेली मूळ किंमत हा पर्यायही आहे, एनआरआयला नाही. पण २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरला तर सात लाखांचे २६ लाख ३२ हजार होतात आणि कर पावणेसतरा लाखांच्या घरात जातो. म्हणून त्या पर्यायासाठी घाई करण्यात तुमच्या बाबतीत अर्थ नाही.

फरक पडतो तो टीडीएसमध्ये, म्हणजे खरेदीदार पैसे देतानाच जो कर कापून ठेवतो त्यात. तुम्ही इथले रहिवासी असताना विकलंत तर खरेदीदार एक टक्का कापतो. एनआरआय झाल्यावर विकलंत तर त्याला साडेबारा टक्के आणि वर अधिभार कापावा लागतो, तोही बहुतेक जण पूर्ण रकमेवर कापतात. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आणता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक निसटतं.

ग्रीन कार्ड हातात आल्यावर विकलंत तर आणखी एक पेच. अमेरिका ग्रीन कार्डवाल्याच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते, आणि २००१ ची किंमत हा आपला नियम तिथे चालत नाही. ते तुमचे सव्वादोन लाखच धरणार. राहत्या घराला तिथे सूट आहे, विकण्याआधीच्या पाचपैकी दोन वर्षं राहिलेलं असेल तर माणशी अडीच लाख डॉलर नफ्यापर्यंत. पण पाडून पुन्हा बांधलेल्या घराचं काय, हे तिथल्या सीपीएला, म्हणजे करहिशोब बघणाऱ्या लेखापालाला, आधी विचारा. म्युच्युअल फंड असतील तर तेही विचारा, आपल्या फंडांना तिथे फार जाचक नियम लागतात. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली की दरवर्षी वेगळं विवरण भरावं लागतं.

पैसे अडकतील ही भीती मात्र नको. एनआरओ खात्यातून, म्हणजे एनआरआयच्या इथल्या बँक खात्यातून, आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

प्रतिसाद

आम्ही विकून गेलो होतो. एरंडवण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट होता. मुलाकडे न्यू जर्सीला तीन वर्षं काढली आणि परत आलो. मुलगा-सून दोघंही सोन्यासारखी आहेत, तक्रार कुणाचीच नाही. पण माझ्या मिस्टरांना काही करायलाच उरलं नव्हतं. घरातला दिवाही मुलगा बदलायचा. परत आलो तेव्हा त्या पैशांत एरंडवणं परवडेना. आता रावेतला राहतो. घर मोठं आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. माझी मैत्रीण मात्र म्हात्रे पुलाजवळ राहते आणि आम्ही महिन्यातून एकदा भेटतो.

औषधपाण्याचं सांगते. ६५ पूर्ण झाल्यावर तिथलं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, मिळतं, पण ग्रीन कार्डवाल्याला सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच. तिथे दहा वर्षं नोकरी केलेली नसेल तर हॉस्पिटलच्या भागाचेही पैसे भरावे लागतात. २०२५ मध्ये तो हप्ता महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर होता, माणशी. तोवरची पाच वर्षं बाजारातली पॉलिसी. आम्हाला दोघांना मिळून महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर पडायची आणि वर प्रत्येक वेळी आपल्या खिशातून भरायचे ते वेगळे. मुलगा भरत होता. मला प्रत्येक तपासणीला जाताना अपराधी वाटायचं, म्हणून मी तपासण्या टाळायचे. तुम्ही असं करू नका.

इथला मेडिक्लेम मात्र काही झालं तरी चालू ठेवा. आम्ही बंद केला होता. परत आल्यावर नवी पॉलिसी, जुन्या आजारांना पुन्हा प्रतीक्षा.

प्रतिसाद

मी तुमच्या लेकीच्या बाजूची आहे, टेक्ससमध्ये राहते. काकू, एक सांगू? रात्री दोन वाजता पुण्याचा नंबर दिसला की उचलेपर्यंत पोटात जे होतं, त्यातून आम्ही "विकून या" म्हणतो. त्यामागे हिशोब नसतो. माझे बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा मला सोळा तासांनी कळलं. तुमच्या लेकीशी बोलताना आधी त्या भीतीबद्दल बोला, फ्लॅटबद्दल नंतर.

सहा-सहा महिन्यांबद्दल: ग्रीन कार्ड हे तिथे कायम राहणाऱ्यासाठी असतं. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर ते सोडलं असं धरतात, आधी परत येण्याचा परवाना घेतला असेल तर दोन वर्षांपर्यंत चालतं. दरवर्षी सहा महिने पुण्यात काढले तर विमानतळावर प्रश्न येतात आणि मेडिकेअरची सलग पाच वर्षंही धोक्यात येतात. येऊन-जाऊन राहायचं असेल तर व्हिजिटर व्हिसाच बरा. आणि मुलगी नागरिक असल्यामुळे आईवडिलांच्या ग्रीन कार्डला संख्येची मर्यादा नाही, रांग नाही. प्रक्रियेला लागेल तेवढा वेळ लागतो, पण दार बंद होत नाही. अर्ज दोघांचे वेगवेगळे करावे लागतात, एकाच्या अर्जात दुसरा येत नाही.

प्रतिसाद

ताई, आमची इमारत कर्वे रस्त्याजवळ, दीड वर्षापूर्वी पाडली. भाड्याच्या घरात आहोत. सामान हलवताना रडले, नंतर सवय झाली. बिल्डर भाडं देतो, ते दरमहा वेळेवर येतं का यावर समितीने डोळा ठेवायचा. करारात बँक हमी, उशीर झाला तर वाढीव भाडं आणि कार्पेटचा, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायच्या जागेचा, आकडा स्वतः वाचून सही करा. तुम्ही गणिताच्या बाई आहात, तुम्हाला कोण फसवणार? परदेशी असताना सह्या लागल्या तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येतं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी कागदावर उतरवून ह्यांना वाचून दाखवले. रावेतच्या ताईंचा दिव्याचा भाग आला तेव्हा हे उठून गॅलरीत गेले. परत आले आणि पहिल्यांदा "तू म्हणशील तसं" न म्हणता म्हणाले, "मला दोन हिवाळे राहून बघू दे. पण घर ठेव."

मग काल लेकीशी बोललो. टेक्ससच्या मुलीने सांगितलं तसं आधी भीतीबद्दल विचारलं. ती रडली. ह्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी ती विमानतळावर नऊ तास बसून होती आणि आम्ही तिला "काळजी करू नकोस" एवढंच सांगत होतो. तो राग तिच्या मनात अजून होता, मला माहीतच नव्हतं. फ्लॅट आत्ता विकायचा नाही, हे तिने मान्य केलंय. शेजाऱ्यांना आज नाही कळवलं. वाईट वाटलं, भली माणसं आहेत.

वन्सं मात्र ऐकेनात. त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ येणारी बाई ठेवायची आणि आम्ही नसताना ह्यांच्या चुलतभावाने रविवारी जायचं, इथवर आलंय. त्यांनी पितळी पातेलं माझ्या हातात दिलं, "तुझ्या नातवाच्या घरी जाऊ दे" म्हणाल्या. मी घेतलं नाही. त्यांच्या ओट्यावरच ठेवून आले.

ग्रीन कार्डाचं दोन हिवाळ्यांनंतर बघू. आता पुढचं विचारते. हिवाळ्यात व्हिजिटर व्हिसावर जायचं म्हणतोय, सहा महिन्यांसाठी. स्टेंट असलेल्या माणसासाठी प्रवासाचा विमा कुणी प्रत्यक्ष वापरलाय का? पॉलिसीत जुन्या आजाराच्या "अचानक उद्भवलेल्या त्रासाला" संरक्षण असं लिहिलेलं असतं. दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा त्या शब्दांचा अर्थ कंपनीने काय लावला, हे अनुभवातून सांगू शकेल असं कुणी असेल तर कृपया लिहा.