पिसे गळून अंडी बंद झालेली कोंबडी: ठेवावी की विकावी?

प्रश्न (वाई परिसर):
नमस्कार. आमच्या परसात काही गावरान आणि गिरीराज या सुधारित जातीच्या दोन कोंबड्या आहेत. त्यांपैकी सर्वांत चांगली अंडी देणारी, साधारण दीड वर्षाची गिरीराज नवरात्रानंतर पिसे टाकू लागली असून सकाळी खुराड्यात पिसांचा सडा पडलेला असतो. मान उघडी पडली आहे, तुरा फिका दिसतो आणि अंडी पूर्ण बंद आहेत. खाणेपिणे मात्र नीट आहे. शेजारच्या काकांच्या मते हिला आता बाजार दाखवावा. हा रोग आहे का? खाद्यात काय बदल करावा?

उत्तर १:
वर्णनावरून ही नैसर्गिक पिसझड वाटते. आपल्याकडे जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असलेला दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो, आणि उजेड घटू लागला की कोंबडीचे शरीर अंडी थांबवून नवी पिसे घडवण्याकडे वळते. झड डोके व मानेपासून सुरू होऊन शेपटीपर्यंत सरकते आणि दोन ते चार महिने चालू शकते. पीस बहुतांशी प्रथिनांचेच असल्यामुळे नुसत्या मका-कणीवर ठेवलेली कोंबडी अधिकच रेंगाळते. शेंगदाणा पेंड किंवा धुऊन खारटपणा घालवलेली सुकट थोडी थोडी द्यावी; बुरशीचा वास येणारी पेंड मात्र मुळीच देऊ नये, कारण बुरशीच्या विषाने यकृत बिघडते.

उत्तर २:
विकण्याआधी तिचा पंख उलगडून पाहावा. बाहेरच्या दहा मोठ्या पिसांपैकी तीन-चार एकदम गळून तेथे सारख्याच लांबीचे कोंब आले असतील, तर कोंबडी कसदार समजावी. झड उशिरा सुरू करून झपाट्याने आवरणारी कोंबडी बहुधा चांगली अंडी देणारी असते. पावसाळ्यातच सुरुवात करून एकेक पीस टाकत बसणारी तशी नसते. बाजार दाखवायचाच तर तो अशा रेंगाळणाऱ्या कोंबडीला, आणि काकांना हा पंख जरूर दाखवावा. हात मात्र हलका ठेवावा, कारण कोवळ्या कोंबात रक्त असते. तो मोडला की इतर कोंबड्या नेमके तेथेच टोचतात.

उत्तर ३:
एक पुस्ती जोडतो. गुदद्वाराभोवती पिसांच्या मुळाशी पांढुरक्या गुठळ्या दिसल्या तर त्या उवांच्या लिखा असतात, आणि केवळ पाठीवर टक्कल असेल तर दोष बहुधा पाठीवर चढणाऱ्या कोंबड्याचा असतो. कोंबडी मलूल होऊन खाणे सोडत असेल, तर पिसझडीवर न ढकलता पशुवैद्यकाला दाखवावी.