ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर पळवायला, जादा पैसे घालणं आता येडेपणा आहे. पटतंय का?

शिरोली नाका:
आठ वर्षांचा डबा (कॉम्प्युटर) बदलायचाय. दिवसा कास्टिंगच्या पॅटर्नची ड्रॉइंग, रात्री गेम. राजारामपुरीत कोटेशन घ्यायला गेलो तर दुकानदारानं इंटेलचा 'के'वाला प्रोसेसर, झेड चिपसेटचा बोर्ड आणि लिक्विड कूलर पुढं ठेवला. म्हणे, पुढं ओव्हरक्लॉक करता येईल. घरी येऊन हिशेब केला आणि एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरवर आलो. साधा बी६५० बोर्ड, कूलर खोक्यातच येतो. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात. ७६०० चा बेस (मूळ वेग) ३.८ गिगाहर्ट्झ आणि बूस्ट (गरजेला आपोआप चढणारा वेग) ५.१. कंपनीनंच रस काढून दिलाय, आपण काय चिपाड पिळायचं?

रंकाळ्याचा वारा:
मर्दा, तुमच्यासारख्यांनीच मजा घालवली. माझा इंटेलचा आय५-२५००के, २०११ चा. ३.३ चा प्रोसेसर ४.५ वर आठ वर्षं पळाला, तेबी हवेच्या कूलरवर. मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) एकेक पायरी वाढवायचा, रात्रभर प्राइम९५ (प्रोसेसरला घाम फोडणारी चाचणी) लावून झोपायचं, आन् सकाळी चहाआधी बघायचं, मशीन जित्तं हाय का निळं पडलंय. हे तू कोटेशनात कुठल्या ओळीत लिवणार?

शिरोली नाका:
काका, ३.३ कशाला धरताय? टर्बोला (इंटेलची बूस्ट) तो ३.७ जायचाच. म्हणजे फायदा २१-२२ टक्के. भारीच होता, नाही म्हणत नाही. पण आज तेवढी जागा ठेवतंय कोण? उलट रायझनला सगळ्या कोरांना (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) हातानं एकच वेग बांधून दिला, तर एकट्या कोरची वरची बूस्ट जाते. माझं कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) बराच वेळ एकाच कोरवर चालतं. पैसे घालून हळू करायचं?

पत्र्याखालचा:
नाक्याच्या बाजूनं. वीज व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. १.२० व्होल्टचं १.३५ केलं आणि वेग फक्त ५ टक्के वाढवला, तरी वीज साधारण ३३ टक्के जादा. आणि ती सगळी उष्णता होऊन माझ्याच खोलीत. वर पत्रा, एप्रिलात संध्याकाळी सातला आत ३६ अंश. लिक्विड असो नाहीतर हवेचा, कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. मी ७६००एक्स घेतलाय, त्याला १४२ वॉटपर्यंत परवानगी असते. इको मोडमध्ये (कमी विजेची सेटिंग) ८८ वर आणला. गेममध्ये फरक शोधून गावला नाही. वर कर्व्ह ऑप्टिमायझरला (व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे ३०. गार.

गुऱ्हाळ करवीर:
उणे ३० सगळ्यांना सांगत सुटू नका. एकाच फडातला ऊस असला तरी प्रत्येक आधणाचा गूळ वेगळा उतरतो, चिपचंही तसंच. माझ्या प्रोसेसरवर उणे ३० नं सिनेबेंच (वेगाला गुण देणारी चाचणी) तासभर मुकाट चाललं. मग मी जेवायला गेलो, मशीन नुसतं बसून होतं, आणि परत येतो तर रीस्टार्ट. सेव्ह न केलेलं ड्रॉइंग गेलं. कमी व्होल्टेजचा दोष जड कामात नाही, हलक्या कामात उघडा पडतो, कारण तेव्हाच एखादा कोर सगळ्यात वर उडी मारतो. दुसरी गंमत, काही वेळा पडद्यावर वेग तेवढाच दिसतो पण गुण कमी येतात, कारण आतल्या आत क्लॉक ताणला जातो, म्हणजे खरा वेग उतरतो. म्हणून आकडा बघू नका, गुण बघा. मी उणे १५ वर थांबलो.

रंकाळ्याचा वारा:
म्हंजे तुमीबी तेच करताय की! आमी व्होल्टेज वर न्यायचो, तुमी खाली नेताय. बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) तेच, रात्रीचं जागरण तेच.

लक्ष्मीपुरी:
वेग बाजूला ठेवा, आधी एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) चांगला घ्या आणि यूपीएस (बॅटरी बॅकअप) लावा. पावसाळ्यात वीज जाऊन आली त्या झटक्यात माझा बोर्ड गेला. प्रोसेसर अजून कपाटात आहे.

पत्र्याखालचा:
व्होल्टेजवरनं आठवलं. २०२४ मध्ये इंटेलनंच मान्य केलं की १३व्या-१४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जादा व्होल्टेज मागत होते. ऑगस्टात मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, वॉरंटी २ वर्षं वाढवली. पण जो आधीच बिघडला तो मायक्रोकोडनं बरा होत नाही. त्यात ओव्हरक्लॉक न केलेलेही होते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी नीट विचारून घ्या.

रंकाळ्याचा वारा:
नाक्या, रॅम कुठली घेणार?

शिरोली नाका:
डीडीआर५ ६०००. एक्स्पो (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगानं चालवायची बायोसची सेटिंग) चालू करायचं आणि विसरायचं.

रंकाळ्याचा वारा:
घावला! ७६०० ला अधिकृत ५२०० हाय. एक्स्पो म्हंजे ओव्हरक्लॉकच, एएमडीच्या वॉरंटीच्या अटीत बघ जा.

शिरोली नाका:
बघितलं. खरं आहे. पण काका, भांडण जादा पैशाचं होतं, आणि ६००० ची किट मला ५२०० पेक्षा फार महाग पडत नाहीये. झेड बोर्ड आणि लिक्विडला माझा नकार कायम. बाकी ते २५००के विकणार असाल तर सांगा, पुतण्याला शिकायला पाहिजे.

रंकाळ्याचा वारा:
इकणार नाय. रविवारी पोराला घिऊन ये. थर्मल पेस्ट तेवढी आण, माझी वाळलीय.